डेल्फीचं पिस्तूल

टर्की फोर्क या आमच्या कोळशाच्या खोऱ्यातल्या निम्म्या माणसांनी डेल्फिया नेपियरच्या हातचं जेवण खाल्लंय, निम्म्यांनी तिची बोलणी खाल्लीत, आणि बहुतेकांनी दोन्ही. शाळेच्या स्वैपाकघरात तिनं उभा जन्म काढला. वाटाणे नको म्हणणाऱ्या पोराच्या ताटात ती पळीभर जास्त घालायची आणि वर म्हणायची, "तुझा बापही नको म्हणायचा. बघ, कसा वाळकुडा राहिलाय." पोरं टरकून असायची. पण ज्याच्या घरी खायचे वांधे, त्याच्या दप्तरात शुक्रवारी ब्रेडचा पुडा आणि शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी कोण सरकवतं, हे कुणाला कधी कळलं नाही. म्हणजे कळलं सगळ्यांनाच, बोललं कुणी नाही. आमच्या डोंगरात अशा गोष्टी बोलत नसतात.

तिचा नवरा हार्लिस त्याच शाळेची बस चालवायचा. खाण बंद पडल्यावर कोळशाची माणसं उत्तरेकडे कारखान्यांत पांगली, हा मात्र बसच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. उंच, सावकाश बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. लग्नाला चाळिसाच्या वर वर्षं झालेली, आणि खरं सांगायचं तर एक मुलगी आणि एक घर सोडलं तर दोघांनी मिळून असं काही केलं नव्हतं. तो डोंगरात, ती चर्चमध्ये. पानं पिवळी पडली की हा हरणांच्या मागे, वसंतात डॉगवूडची झाडं फुलली की रानातल्या टर्की पक्ष्यांच्या मागे. भांडण म्हणाल तर नव्हतं. पण गप्पा म्हणाल तर त्याही नव्हत्या.

मग वरच्या अंगाला राहणाऱ्या मॉडी स्टेसीच्या घरात भर दुपारी दोन चोर घुसले. म्हातारीच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, दुखण्याच्या गोळ्या घरात आहेत हे त्यांना ठाऊक होतं. त्या गोळ्यांच्या नशेपायी अख्खं खोरं नासलं होतं तेव्हा. मॉडीला ढकलून दिलं, तिचं मनगट मोडलं, आणि घुसणाऱ्यांतला एक तर डेल्फियाच्या हातचे वाटाणे खाऊन मोठा झालेला निघाला.

त्या दिवसापासून हार्लिसच्या जिवाला घोर लागला.

"मी डोंगरात असताना इथं कुणी आलं तर?" तो जेवता जेवता म्हणाला.

"तर बिडाच्या तव्यानं डोकं फोडीन त्याचं."

"तवा दारापर्यंत पोचत नाही, डेल्फी."

"भिंतीवर चार बंदुका टांगल्यात त्या काय शोभेला?"

"त्या तुला पेलायच्या नाहीत. आणि या बोळात त्या वळवायच्या कशा? पिस्तूल हवं घरात."

हार्लिसच्या घराण्यात कुणी पिस्तूल बाळगलं नव्हतं. पिस्तूल शेरीफनं बाळगावं नाही तर गुंडानं, असं त्याचा बाप म्हणायचा. पण बायकोच्या काळजीपुढं बापाचा शब्द मागं पडला, आणि दोघं ट्रकमध्ये बसून बर्लकडे गेली. कोंबड्यांचं खाद्य आणि कुंपणाची तार विकणाऱ्या दुकानाच्या मागच्या अंगाला बर्लचं बंदुकांचं काउंटर आहे. बर्ल दोघांच्याही वर्गातला.

"ये, डेल्फिया! आज कुणाला उडवायला निघालीस?"

"यादी मोठी आहे. जीभ आवर, नाही तर तुझ्यापासून सुरुवात करीन."

हार्लिस काचेवर वाकून बघत होता. "ते दे बघू. ते छोटं."

बर्लनं काढून दिलं. तळहातात मावेल एवढं रिव्हॉल्व्हर, पिसासारखं हलकं, आणि मूठ गुलाबी.

"मी काय पाळण्यातली पोर आहे?" डेल्फिया म्हणाली.

"अगं, वजन तरी बघ. पर्समध्ये मावेल."

बर्ल खाकरला. "हार्लिस, हलकं हातात बरं वाटतं, पण झाडताना..."

"बाईमाणसाला हलकंच बरं," हार्लिस म्हणाला, आणि विषय संपला.

आमच्याकडच्या पुरुषांची ही चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. बायको लहान चणीची, म्हणून तिला लहान पिस्तूल! अरे बाबांनो, पिस्तूल जितकं हलकं तितका त्याचा धक्का मोठा; अंगात वजनच नाही तर धक्का जिरणार कुठं? सगळा बाईच्या हातात उतरतो. आणि हे त्यांना ठाऊक नसतं असं नाही. हरणाच्या बंदुकीवर हेच लोक तासन्‌तास अक्कल पाजळतील. पण बायकोसाठी घ्यायचं म्हटलं की ती अक्कल गहाण पडते आणि मोठ्या मायेनं गुलाबी मूठ घरी येते.

घरामागे डोंगर कापून केलेली मातीची भिंत होती. तिच्यापुढं ओंडका टाकून हार्लिसनं त्यावर कॉफीचे रिकामे डबे मांडले. डेल्फियानं कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या आणि चाप ओढला. हातावर कुणी हातोडा घालावा तसं झालं तिला.

"कसं वाटलं?"

"छान," ती म्हणाली.

मग शनिवारमागून शनिवार हेच चाललं. डबे जागचे हलले नाहीत. गोळी सुटायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे आणि खांदे कानाला लागायचे. हार्लिस चिडायचा नाही. त्यानं बसमध्ये चाळीस पोरांचा कालवा ऐकत वळणं घेतली होती. तो पुन्हा सांगायचा, ती पुन्हा झाडायची. एका सकाळी ती घेवड्याचं भांडं डाव्या हातानं उतरवताना त्यानं पाहिलं.

"हाताला काय झालं?"

"वय झालं."

"दाखव."

अंगठ्याच्या मुळाशी काळंनिळं झालं होतं आणि मनगट टम्म सुजलेलं.

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतंस काय? एरवी तर अख्ख्या खोऱ्याला ऐकवतेस."

"तू एवढ्या हौसेनं घेतलंस रे," ती म्हणाली.

हार्लिस खुर्चीत बसला. मग म्हणाला, "माझ्यासारखं गाढव या डोंगरात दुसरं नसेल."

"आहे की. बर्ल आहे. त्यानं विकलं."

तेव्हा दोघं हसली. मुलगी रोंडा ओहायोला गेल्यापासून त्या स्वैपाकघरात एवढं हसू झालं नव्हतं.

दुसऱ्या वेळी बर्लनं गुलाबी मुठीचं परत घेऊन काउंटरवर बाकी सगळी पिस्तुलं मांडून ठेवली आणि हार्लिस दोन पावलं मागं सरला. "तू निवड. मी तोंड उघडणार नाही." आधी बर्लनं तिला चपट्या जातीचं दिलं, त्यात वरचा भाग मागं ओढून सोडला की काडतूस भरतं. पण तिची बोटं इतक्या वर्षांच्या मोठाल्या पातेल्यांनी आखडलेली. ती ओढतेय, ओढतेय, आणि ते काही सरकेना. मग एकेक करत तिनं सगळी हाताळली. शेवटी तिचा हात एका जुन्या रिव्हॉल्व्हरवर गेला. जड पोलादाचं, नळी जरा लांब, लाकडी मूठ आधीच्या कुणाच्या हातानं काळी पडलेली.

"हे."

"अगं, केवढं जड आहे ते..."

"तोंड उघडणार नव्हतास ना?"

बर्लनं खाली मान घालून हसू लपवलं आणि कागद पुढं केले.

ते जड रिव्हॉल्व्हर तिच्या हातात नुसतं ढुशी मारून गप्प बसायचं. पहिल्याच शनिवारी डबा उडाला, आणि डेल्फिया नेपियरनं, चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या बाकावर बसणाऱ्या बाईनं, अशी आरोळी ठोकली की खालच्या घरातली कुत्री भुंकायला लागली.

तिथून पुढचा जो काळ गेला, तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. हे मी नाही म्हणत, ती स्वतः म्हणायची. शनिवारी सकाळी घरची मऊ, पावासारखी बिस्किटं आणि रस्सा खाऊन दोघं मागं जायची. तो तिच्या पाठीशी उभा राहून हळू सांगायचा, "श्वास सोड. सगळा नको. आता बोट." बोलता बोलता कुठल्या कुठं जायची दोघं. खाणीत छप्पर कोसळलं तेव्हा त्याला अंधारात काय दिसलं, हे तिला तिथं त्या ओंडक्यावर बसून कळलं. रोंडाच्या आधीचं जे मूल राहिलं नाही, त्याचं नाव तिनं मनात काय ठेवलं होतं, हे त्याला तिथं कळलं. चाळीस वर्षं एका उशीला डोकं लावून जे निघालं नाही, ते बंदुकीच्या दारूच्या धुरात, कॉफीच्या डब्यांसमोर निघालं. आणि नेम म्हणाल तर ती त्याच्यापुढं गेली.

"मास्तरीण झालीस की," तो म्हणायचा.

"गुरू चांगला होता. बिचारा म्हातारा झाला आता."

आता जे सांगायचं, त्याआधी थोडं मागचं सांगायला हवं.

आमच्याकडे पोरगं चालायला लागलं की त्याला एक गोष्ट शिकवतात, प्रार्थनेच्याही आधी. नळीचं तोंड माणसाकडं कधी वळवायचं नाही. भरलेली असो, रिकामी असो, खेळण्यातली असो. पुतण्या ट्रॅव्हिसनं लहानपणी एकदा बंदूक वळवली आणि 'रिकामी आहे' म्हणाला, तेव्हा हार्लिसनं, ज्या माणसानं पोरांवर कधी हात उचलला नाही त्यानं, पोराच्या कानाखाली जाळ काढला होता. "रिकामी कधीच नसते!" एवढंच तो म्हणाला होता.

पानगळीचे दिवस. हार्लिसची पाळी होती. त्यानं दोन डबे पाडले, आणि काही तरी विचारायला म्हणून तो तिच्याकडं वळला. नुसतं डोकं नाही, अख्खा वळला. हातातलं रिव्हॉल्व्हर त्याच्याबरोबर वळलं आणि तिच्या पोटावर येऊन थांबलं. बोट चापावर.

"आज जेवायला काय आहे, डेल्फी?"

ती जागच्या जागी थिजली. "हार्लिस," ती हळूच म्हणाली, "नळी."

त्यानं आपल्या हाताकडं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. तिला वाटलं, आता हा मेल्याहून मेल्यासारखा होईल. पण तो हसला. म्हणाला, "रिकामं आहे गं."

ते रिकामं नव्हतं. डेल्फियानं त्याच्या हातातून काढून चक्री उघडली तेव्हा आत काडतुसं होती. ती घाबरली ती त्या काडतुसांना नाही. त्याच्या त्या हसण्याला.

एकदा दिसलं की सगळंच दिसायला लागतं. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडू लागल्या. मेलेल्या भावाला फोन लावायला हा निघाला. आणि एका रविवारी चर्चहून येताना, ज्या रस्त्यावरचं प्रत्येक दार त्यानं पोरं उतरवून पाठ केलं होतं, त्या रस्त्याच्या फाट्यावर ट्रक उभा करून तो म्हणाला, "डावीकडं की उजवीकडं?" लेक्सिंग्टन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मेंदूचे फोटो काढले, प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग त्याला बाहेर बसवून डेल्फियाला सांगितलं. हे विसरणं वाढत जाणार, मागं फिरणार नाही. पुढं एखादा दिवस असा येईल की तो तुम्हाला ओळखणार नाही, घरात परकं माणूस शिरलंय असं त्याला वाटेल. आणि शेवटी विचारलं, "घरात बंदुका आहेत का?"

"घर आहे म्हटल्यावर असणारच," डेल्फिया म्हणाली.

त्या रात्री रोंडा फोनवर रडली आणि रडता रडता ओरडली. "मॉमी, आजच्या आज बाहेर काढ त्या! डॅडी झोपले की ट्रॅव्हिसला बोलाव आणि ने म्हणावं!"

"चोरून? तुझ्या बापाच्या भिंतीवरून?"

"चोरून तर चोरून! तुझा जीव जाईल एखाद दिवशी!"

"मला शिकवू नकोस. तुझे लंगोट मी धुतलेत."

फोन ठेवला तरी रोंडाचं म्हणणं तिच्या डोक्यातून जाईना, कारण ते खरं होतं. पण आमच्याकडे माणसाच्या बंदुका कुणी काढून नेत नाही. दारुड्याच्या नेतात, बायकोवर हात टाकणाऱ्याच्या शेरीफ नेतो. सभ्य माणूस आपल्या बंदुका स्वतः देतो. हातपाय चालताहेत तोवर, आपल्या मनानं, ही याला, ती त्याला, आणि प्रत्येकीची हकिगत सांगून. ते केलं की माणूस मानानं म्हातारा होतो. भिंत चोरून रिकामी केली असती तर हार्लिस जिवंतपणी मेला असता, आणि केली नसती तर कुणास ठाऊक काय झालं असतं. डेल्फिया कितीतरी दिवस या दोन्हींच्या मधे नुसती जळत राहिली.

मग एका सकाळी, त्याचे डोळे निवळलेले बघून, तिनं कॉफीचा पेला त्याच्यापुढं ठेवला.

"तुझ्या वडलांनी बंदुका दिल्या तेव्हा तू होतास ना?"

"होतो की. मोठी मला दिली. पोर्चवर बसून."

"चांगलं केलं त्यांनी."

हार्लिसनं पेला उचलला, ठेवला. भिंतीकडं बघितलं. मग म्हणाला, "वेळ आली म्हणतेस?"

ती शाळेत हजार पोरांना दटावणारी बाई. "आली रे," ती कशीबशी म्हणाली.

"त्या दिवशी... मागं, डब्यांपाशी. मी नळी वळवली होती ना? तुझ्यावर?"

"आठवतंय तुला?"

"कधी आठवतं. कधी वाटतं, स्वप्न होतं." त्यानं तिचा हात धरला, तोच, अंगठ्याशी सुजलेला होता तो. "बोलाव सगळ्यांना. रविवारी. मक्याचा पाव कर."

रविवारी ट्रॅव्हिस आला, बर्ल आला, रोंडा ओहायोहून गाडी हाकत आली. जेवणं झाल्यावर हार्लिस स्वच्छ शर्ट घालून भिंतीपाशी उभा राहिला आणि एकेक बंदूक उतरवून देऊ लागला. काय सांगू, त्या दिवशी त्याची जीभ जुन्या दिवसांसारखी चालली. कुठल्या कड्यावर कुठलं हरीण, बर्फ किती, बरोबर कोण, एक अक्षर चुकलं नाही. बापाची मोठी बंदूक ट्रॅव्हिसच्या हातात देताना तो म्हणाला, "ही कधीच रिकामी नसते," आणि तो धटिंगण ढसढसा रडला. बर्लला खारी मारायची बंदूक दिली. "तुझा नेम वाईट आहे, पण मन चांगलं आहे." भिंत उघडी पडली. बंदुकांच्या जागी लाकूड उजळ दिसत होतं.

"आणि काका, ते रिव्हॉल्व्हर?" ट्रॅव्हिसनं विचारलं. डेल्फियानंच त्याला तसं विचारायला सांगून ठेवलं होतं.

हार्लिसची मान ताठ झाली. "ते माझं नाही. मी कसं देऊ? ते डेल्फीचं आहे."

"डॅडी, पण आता..." रोंडा म्हणाली.

"मॉडीचं मनगट मोडलं, विसरलात? माझा काय भरवसा? मी असून नसल्यासारखा होणार, डॉक्टरीण म्हणाली. मला ऐकू येतं दाराआडून. तेव्हा हिला कोण? ते हिच्या उशाशी राहील." तो डेल्फियाकडं वळला. "घरातून जाऊ देणार नाहीस. सगळ्यांसमोर सांग."

सगळे तिच्याकडं बघत होते. रोंडा नुसत्या डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"नाही जाऊ देणार," डेल्फिया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पोर्चवर पेंगत असताना तिनं कपाटाच्या खणातून रिव्हॉल्व्हर काढलं, पिठाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलं आणि बर्लच्या काउंटरवर ठेवलं.

"कुलपाची पेटी देऊ का?" बर्ल म्हणाला. "घरातच राहील. शब्दही राहील."

"कुलूप बघून तो विचारणार, कुणाच्या भीतीनं लावलंस? मग काय सांगू?"

बर्लनं पिशवी आत नेऊन ठेवली. "तुला हवं तेव्हा..."

"मला ते पुन्हा डोळ्यांनीसुद्धा बघायचं नाही," ती म्हणाली, आणि ट्रकमध्ये येऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. चाळीस वर्षांत तिनं नवऱ्याला पुष्कळ फटकारलं होतं, फसवलं कधी नव्हतं.

हार्लिस बाकी सगळं विसरत गेला. महिने विसरला, रोंडाच्या पोरांची नावं विसरला, बुटाची नाडी विसरला. पण एक गोष्ट विसरेना. रोज जेवण झालं की विचारायचा, "डेल्फी, पिस्तूल कुठाय?"

"खणात आहे."

"भरलेलं?"

"भरलेलं."

"शाब्बास," म्हणायचा आणि निवांत व्हायचा. रोज ती खोटं बोलायची आणि रोज त्याचा जीव भांड्यात पडायचा. देव माफ करतो की नाही मला ठाऊक नाही. करत नसेल तर त्यानं एकदा त्या घरात येऊन महिनाभर राहून दाखवावं.

हिवाळा सरत आला होता. दुपारची वेळ. डेल्फिया हार्लिसचं जुनं जाकीट अंगात घालून, डोक्याला रुमाल गुंडाळून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. परत येऊन मागचं दार लोटलं, तर झोपायच्या खोलीतून काही आदळल्याचा आवाज आला. ती तशीच धावली.

हार्लिस कपाटापाशी उभा होता. खण ओढून काढलेला, जमिनीवर पालथा. मोजे, रुमाल, जपून ठेवलेली शुभेच्छापत्रं सगळीकडं विखुरलेली. तो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्यात चाचपडत होता. तिची चाहूल लागताच तो उठला आणि पाठ कपाटाला लावून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत तिनं कधी न बघितलेली भीती होती.

"हार्लिस..."

"तिथंच थांबा," तो म्हणाला. "कोण तुम्ही? घरात कशा शिरलात?"

ती थांबली. तो काय शोधत होता, ते तिला त्या पालथ्या खणाकडं बघून कळलं. कोणावर रोखायला शोधत होता, तेही. सहा पावलांवर हार्लिस नेपियरचा नेम कधी चुकला नव्हता. तिनं दाराची चौकट धरली.

त्यानं दोन्ही हात पुढं केले, रिकामे, तळवे तिच्याकडं.

"हे बघा, बाई. माझ्याकडं काही नाही. तुम्हाला गोळ्या हव्यात ना? स्वैपाकघरात आहेत, वरच्या फळीवर, सगळ्या न्या. टीव्ही न्या. ट्रकची किल्ली कुठाय ते मला आठवत नाही, पण सापडली तर तीही न्या. मी शेरीफला बोलवणार नाही." त्यानं खिडकीतून रस्त्याकडं बघितलं. "पण माझी बायको चर्चमधून येईल आता. ती तुम्हाला ताडताड बोलेल, तिला गप्प बसवत नाही. तिच्या अंगाला तेवढा हात लावू नका."

डेल्फियाला ओरडावंसं वाटलं, अरे मीच ती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तसं करू नका, त्यानं भीती वाढते. तिनं रुमालाचं टोक दातांत धरलं.

"नाही लावणार," ती म्हणाली.

"मग तिथं बसा. खुर्चीत. हात दिसतील असे ठेवा."

ती दाराजवळच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तो पलंगाच्या कडेला बसला, तिच्यावर एक डोळा आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावर एक डोळा ठेवून. उन्हं खाली उतरली. रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रक गेला तेव्हा तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"एवढा उशीर कधी करत नाही ती," तो म्हणाला.

"येईल," डेल्फिया म्हणाली.